रंगानंतरचा उत्तररंग : घरच्या गणपतीचा एअरब्रश आणि त्याची निगा

नागपंचमीच्या सुमारास कोकणातला यजमान आपला पाट गणपतीच्या चित्रशाळेत नेऊन देई आणि चतुर्थीच्या तोंडावर त्याच पाटावरून मूर्ती वाजतगाजत घरी आणी. मधल्या दिवसांतली मातीची, वाळवणाची आणि रंगाची चिंता चित्रशाळेतल्या कलावंताची असे. आता बऱ्याच कुटुंबांनी ही चिंता हौसेने आपल्या शिरावर घेतली आहे. शाडू घरी येतो, मूर्ती घरी घडते, आणि रंगही घरीच चढतो. या हौशी मंडळींच्या हाती अलीकडे कुंचल्याच्या जोडीला एक नवे उपकरण दिसू लागले आहे. त्याचे नाव एअरब्रश. त्याने रंगवावे कसे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो धुवावा कसा, हे सांगणारे थोडे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मीरा रोडच्या पूनम सागर भागात आमच्या कन्येचे घर आहे. चातुर्मासात कीर्तनाच्या निमित्ताने मुंबईकडे येणे झाले की आमचा मुक्काम तेथे पडतो. आमचे जामात आणि नातू मिळून दरवर्षी दीड वितीची शाडूची मूर्ती करतात. रंगकामाच्या दिवसांत शेजारची दोन-तीन बिऱ्हाडेही आपापल्या मूर्ती घेऊन त्याच खोलीत जमतात, आणि आम्ही पोथी बाजूला ठेवून पाहत बसतो. पुढे लिहिले आहे ते तेथे डोळ्यांनी पाहिलेले, आणि जाणत्यांना विचारून खात्री करून घेतलेले आहे.

रायगड जिल्ह्यातल्या पेणला, हमरापूर-जोहे या गावांना ज्यांनी भाद्रपदापूर्वी भेट दिली असेल, त्यांना कारखान्यांतला कॉम्प्रेसरचा घरघराट परिचित असेल. तेथे मूर्तीच्या अंगाचा रंग आणि त्यावरची छटा 'गन'ने मारतात. डोळ्यांची आखणी मात्र निष्णात हात कुंचल्यानेच करतात. एअरब्रश म्हणजे त्या गनचे धाकटे भावंड. लेखणीएवढा आकार, वर रंगाची वाटी, पोटात एक लांब सुई आणि पुढे सुईच्या अग्राभोवती बसणारे इवलेसे नॉझल. नॉझलचे छिद्र मिलिमीटरचे दोन ते पाच दशांश. बोटाखालची कळ दाबली की वारा सुटतो. तीच कळ मागे ओढली की सुई मागे सरकते आणि रंगाला वाट मिळते. नॉझलच्या तोंडाभोवतून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे तेथे हवेचा दाब कमी होतो, रंग आपोआप ओढला जातो आणि त्याचे सूक्ष्म तुषार होऊन मूर्तीवर बसतात.

अशा धर्तीचा, रंग आणि वारा पोटातच एकत्र आणणारा एअरब्रश अमेरिकेत चार्ल्स बर्डिक यांनी सिद्ध केला आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांपुढे आला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आणि इकडे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरले तेही याच सुमारास. या तिन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही; पण कीर्तनकाराला असा योग सोडवत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

देवाची मूर्ती यंत्राने रंगवणे बरे का, असे एका वृद्ध मातोश्रींनी आम्हांस तेथेच विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात छटा देण्याचे, म्हणजे 'वर्तना'चे, तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव 'बिंदुज' आहे. ठिपक्याशेजारी ठिपका देत जाऊन गडद-फिकट साधायचे, ते बिंदुज. एअरब्रश दुसरे काय करतो? हाताने जे ठिपके सहस्रावधी द्यावे लागत, ते तो क्षणात देतो. तेव्हा साधन नवे असले तरी रीत परकी नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त कुंचल्यासाठी वासराच्या कानाचे केस घ्यावेत इथपर्यंत साधनाचा विचार केलेला आहे. ज्या परंपरेने कुंचल्याच्या केसांची एवढी चौकशी केली, तिला सुईच्या अग्राची काळजी क्षुल्लक वाटली नसती.

आता मुख्य विषय. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, आणि पूर्वरंग संपल्यावर उठून जाणाऱ्या श्रोत्याने अर्धेच कीर्तन ऐकले असे आम्ही मानतो. एअरब्रश धुणे हा रंगकामाचा उत्तररंग होय. तास दीड तास रंगवण्यासाठी हाताशी असेल, तर त्यातली शेवटची वीस मिनिटे धुण्याची, असे आधीच धरून चालावे. 'जेवण झाल्यावर धुऊ' हे वाक्य या उपकरणाचा घात करते. कारण असे : हौशी मंडळी बहुधा ॲक्रिलिक रंग वापरतात. हा रंग ओला असेतो पाण्याने निघतो. एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही, त्याचा पापुद्रा होतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक छिद्रात असा पापुद्रा बसला की पुढच्या वेळी तुषारांऐवजी थेंब उडतात, आणि ते नेमके गालावर नाहीतर सोंडेवर. पोस्टर रंग वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणून मुलांच्या हाती प्रथम तोच द्यावा.

धुण्याचे काम रंगवतानाच सुरू होते. कळ वापरण्याचा एक नेम आहे : आधी वारा, मग रंग; आणि थांबताना आधी रंग बंद, मग वारा. सुई पुढे जाऊन छिद्र मिटले, तरी क्षणभर वारा चालू राहिला म्हणजे टोकाशी रेंगाळलेला रंग उडून जातो. घाईत कळ एकदम सोडणाऱ्याच्या सुईवर रंगाची बोंडे धरतात. ती दर काही मिनिटांनी ओल्या मऊ कुंचल्याने टिपावीत. नखाने खरवडू नयेत. रंग दुधाइतका पातळ असावा, आणि वाटीत टाकण्यापूर्वी तो वेगळ्या भांड्यात कालवून मलमलीतून गाळावा. रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे ठेवावा आणि सोनेरी सर्वांत शेवटी घ्यावा. सोनेरीतला चमकदार चुरा तळाशी बसतो आणि दोनदा धुतल्यावरही पीतांबराच्या पिवळ्यात कोठेतरी चमकून जातो.

एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना वाटीतला उरलेला रंग परत ओतून घ्यावा, वाटी कापडाने पुसावी, पाणी भरून एखाद्या जुन्या फडक्यावर मारावे. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे. मग नॉझलच्या तोंडावर ओले फडके हलकेच दाबून कळ ओढावी. बाहेर वाट न मिळालेला वारा उलट फिरतो आणि वाटीत बुडबुडे येतात. आत चिकटलेला रंग त्याने सुटून वर येतो. हे पाणी टाकून पुन्हा नितळ पाणी घ्यावे. एवढे दोन मिनिटांत होते.

दिवसाचे काम संपल्यावर मात्र उपकरण उघडावेच लागते. येथे पहिल्या पिढीतल्या हौशी माणसाचा हात कापतो, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. कारण सारी किंमत त्या सुईच्या अग्रात आणि नॉझलच्या ओठांत आहे. प्रथम वर सांगितल्याप्रमाणे आतून स्वच्छ पाणी खेळवावे. न धुता सुई मागे ओढली, तर तिच्या अंगावरचा रंग पोटातल्या पॅकिंगमध्ये जातो आणि कळ जड चालू लागते. मग मागची दांडी काढून, सुई आवळणारा नट सैल करून सुई सरळ मागे ओढावी. ती ओल्या कापडाच्या घडीत धरून, गोल फिरवीत, जाड बाजूकडून टोकाकडे पुसत न्यावी. टोकाकडून उलट कधी पुसू नये. बोटात टोचते आणि सुई वाकते, दोन्ही एकदम होते. सुई ठेवताना टोक कशालाही टेकू देऊ नये. आमच्या नातवाने त्यासाठी ओवाळणीच्या तबकात घडी केलेला पंचा अंथरला आहे. तबकाचा हा उपयोग प्रथम आम्हांस रुचला नव्हता. पण तीन वर्षांत एकही सुई जमिनीवर पडलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

सुई बाहेर आल्यावरच नॉझल काढावे. हा क्रम उलटला तर नॉझल काढताना त्याचा ओठ सुईवर घासतो. नॉझल फार नाजूक आट्यांनी बसवलेले असते. सोबत येणाऱ्या चिमुकल्या पान्याने ते दोन बोटांच्याच जोराने सोडवावे आणि तेवढ्याच जोराने आवळावे. मनगट लावले की आटे तुटतात आणि तुकडा आतच राहतो. नॉझल स्वच्छ करण्यास दातांच्या फटी साफ करण्याचे केसाळ ब्रश मिळतात, त्यांतला सर्वांत बारीक, मागल्या रुंद बाजूने घालावा. शिवणाची सुई किंवा टाचणी घालण्याचा मोह अनेकांना होतो. तिने अडथळा निघतो खरा, पण छिद्र लंबगोल होते, आणि त्यानंतर तुषार कायमचे तिरके जातात. रंग वाळून घट्टच झाला असेल तर तेवढे नॉझल ॲक्रिलिकच्या क्लीनरमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही काळ बुडवून ठेवावे. संपूर्ण उपकरण बुडवणे मात्र चुकीचे : आतली रबरी कडी काही द्रावणांत फुगतात आणि हवेच्या झडपेतले वंगण धुऊन जाते.

घरात काच पुसण्याचे निळे पाणी असते, ते स्वस्त म्हणून वापरावे असे कोणी सुचवतात. ज्यात अमोनिया आहे ते पाणी आम्ही वर्ज्य म्हणू. बहुतेक एअरब्रश आतून पितळेचे असून वर चकाकीचा मुलामा असतो, आणि ताणाखाली असलेल्या पितळेस अमोनिया भेगा पाडतो. हा शोध आपल्याच भूमीवरच्या एका उपद्रवातून लागला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि दमट दिवस सरता सरता ती तडकलेली आढळत. घोड्यांच्या मुत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा उलगडा १९२१ साली झाला. बाजारातल्या त्या बाटल्यांपैकी कोणत्यात अमोनिया आहे आणि कोणत्यात नाही, हे पाहत बसण्यापेक्षा साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेले बरे. ओल्या ॲक्रिलिकला तेवढे पुरते.

जोडताना आधी नॉझल आणि पुढची टोपी, मग सुई. ती थांबेपर्यंत अगदी हळू पुढे सरकवावी. बसल्याचे बोटाला कळते. आणखी रेटा दिल्यास ती नॉझल फाडते. सुईच्या मागल्या भागास आणि कळेच्या तळाशी एअरब्रशचे खास वंगण अथवा ग्लिसरिनचा अर्धा थेंब लावावा. शिलाई मशीनचे तेल नको. त्याचा अंश रंगाच्या वाटेत गेला तर मूर्तीवर रंग धरत नाही, गोल गोल डाग उघडे पडतात.

एवढे सगळे कोठेही लागू पडते. पण मीरा रोडसारख्या ठिकाणी एक वेगळाच शत्रू असतो, आणि त्याविषयी पुस्तके फारशी बोलत नाहीत. पश्चिमेस उत्तनचा समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, आसपास मिठागरांच्या जमिनी, आणि काम करायचे श्रावण-भाद्रपदात. हवा पाण्याने भरलेली असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबतो तेव्हा ती तापते. नळीतून जाताना निवते, आणि तिच्यातले पाणी नळीतच जमते. बराच वेळ निर्मळ छटा येत असते आणि अकस्मात पाण्याचा टपोरा थेंब मूर्तीवर फुटतो. भाजलेल्या मातीचे त्याने बिघडत नाही. शाडूची मूर्ती मात्र कच्ची असते. थेंब पडला तेथे माती उकलते आणि रंगाखाली खड्डा राहतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पाणी अडवणारी काचेची बाटली, जिला दुकानात मॉइश्चर ट्रॅप म्हणतात, ती असावीच. पाऊस असेल त्या दिवशी दर अर्ध्या तासाने तिचे पाणी सोडावे. हवेची टाकी असेल तर काम संपताच तिच्या बुडाची चावी उघडून पाणी काढून टाकावे, नाहीतर टाकी आतून गंजते आणि पुढल्या वर्षी तो गंज गाळणीत येतो. दाब दर चौरस इंचास पंधरा-वीस पौंडांच्या आसपास पुरतो. सुई सहसा पोलादी, न गंजणारी असते; भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, तेथल्या माणसाला हे सांगायला नको. परंतु न गंजणाऱ्या स्टीलवरही खाऱ्या हवेत डाग धरतात, म्हणून ओली सुई डबीत बंद करू नये.

बिघाड ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत. तुषार एका बाजूला जात असतील तर सुईचे टोक वाकले आहे. ते भिंगाखाली दिसते, आणि फार वाकले नसेल तर सपाट काचेवर सुई आडवी ठेवून, गोल फिरवीत टोकाकडे ओढल्याने बरेचसे सरळ होते. न अडवताही वाटीत बुडबुडे येत असतील तर नॉझल नीट बसलेले नाही किंवा चिरले आहे. कळ सोडूनही वारा चालू राहिला तर हवेच्या झडपेत घाण आहे. रंग तुटक तुटक येत असेल तर बहुधा तो दाट आहे. उपकरणाला बोल लावण्यापूर्वी रंग तपासावा.

आता एक गोष्ट आम्ही जरा कठोरपणे सांगणार आहोत. ज्या खोलीत देवघर आहे आणि समई तेवत आहे, त्या खोलीत थिनर किंवा अल्कोहोल तुषारांच्या रूपाने उडवू नये. हे द्रव पेट घेतात, आणि तुषार झाल्यावर फार लवकर पेट घेतात. अखंड दीप असेल तर रंगाचे आणि धुण्याचे काम दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून करावे. दीप मालवावा की नाही असा पेच धरून बसण्याची वेळच येऊ देऊ नये. तोंडाला चांगला मास्क असावा; रंगाचा साधा तुषारही फुप्फुसांत बसतो, आणि थिनरच्या वाफेला कापडी रुमाल अडवत नाही, त्यास कोळशाच्या गाळणीचाच मास्क लागतो. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पाण्यातल्या रंगांवरच भागवावे. छटा एखादी कमी चढली तर चालेल.

निसर्गातले रंग वापरणारांनीही सावध असावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी सुधारित सूचना काढल्या, त्यांत नैसर्गिक आणि बिनविषारी रंगांचा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु गेरू, हळद, मुलतानी ही मुळात चूर्णे आहेत. ती कितीही खलली तरी त्यांचे कण दोन दशांशाच्या नॉझलला झेपत नाहीत. त्यांना पाच दशांशाचे नॉझल घ्यावे, दोनदा गाळावे. गेरूचा कण कठीण असतो आणि नॉझलचा ओठ झिजवतो, म्हणून त्याचा थर कुंचल्याने दिला तर अधिक चांगले. डिंक घातला असेल तर कोमट पाण्याने धुवावे, गार पाण्याने तो आत लपून राहतो.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या घरी हेच घडले. चतुर्थीस दोन दिवस उरले असताना कोणी तरी आदल्या रात्री न धुतलेला एअरब्रश हाती घेतला आणि मूर्तीच्या कपाळावर गडद लाल रंगाचे चार शिंतोडे उडाले. घरातल्या सूनबाई रडवेल्या झाल्या. अपशकुन तर नाही, मूर्तीला दोष तर लागला नाही, अशी विचारणा आमच्याकडे आली. आम्ही सांगितले ते येथेही सांगतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती सुबक माती आहे. तिच्यावर शिंतोडा उडणे ही हस्तकौशल्यातली उणीव आहे, धर्मातला दोष नव्हे. डाग पूर्ण वाळू द्यावा, बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे, अंगाचा रंग पुन्हा पातळ मारावा आणि मगच कपाळावर गंध आखावे. ओला डाग पुसू गेल्यास तो पसरतो आणि खालची माती निघते. प्रतिष्ठेनंतर मात्र रंगाला हात लावू नये. राहिलेली उणीव तशीच राहू द्यावी. त्या घरी डाग वाळायला एक रात्र गेली, नॉझल अल्कोहोलात भिजत पडले, आणि गौरवर्णाचा शेवटचा हात चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी बसला. आखणी सूनबाईंनीच केली.

धुतलेले रंगीत पाणी तुळशीच्या कुंडीत ओतण्याची चाल काही घरांत दिसते. देवाच्या रंगाचे पाणी म्हणून ते पवित्र, असा भाव असतो. पण ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच होय, आणि तुळस त्याने सुकते. ते पाणी जुन्या डब्यात साठवावे, गाळ खाली बसू द्यावा, वरचे नितळ पाणी मोरीत सोडावे आणि वाळलेला गाळ कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा. थिनर मात्र मोरीतही ओतू नये. बाटलीत झाकून ठेवला तर खाली रंग बसून वरचा भाग पुन्हा पहिल्या धुण्यास उपयोगी पडतो.

विसर्जनानंतर एअरब्रश वर्षभर निजतो. त्याआधी तो एकदा पूर्ण सोडवून, धुऊन, पुसून, उन्हात नव्हे तर पंख्याखाली वाळवावा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सुई आत असू द्यावी, पण तिचा नट सैल ठेवावा आणि टोक नॉझलमधून किंचित मागे घ्यावे. पुढल्या आषाढात डबा उघडला की रबरी कडी बोटांनी दाबून पाहावीत. कडक झाली असतील तर ती तेव्हाच मागवावीत. श्रावणात पेणपासून भाईंदरपर्यंत सगळ्यांनाच ती हवी असतात.